एक सोमा अंतर

माझी पोस्टिंग उत्तरेच्या त्या खोऱ्यात झाली तेव्हा मी हवालदार होतो. नोकरीची चौदा वर्षं झाली होती. उंची एवढी, की पहिले सहा दिवस कामाला हात लावायचा नाही, नुसतं श्वास घ्यायला शिकायचं, असा नियम. सातव्या दिवशी सकाळी साडेपाचला मी रेडिओ पोस्टचा ताबा घेतला.

मी सिग्नल्सचा माणूस. लढणाऱ्यांना एकमेकांशी बोलतं ठेवणं हे आमचं काम. माझं गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या जवळ. सुट्टीवर गेल्यावर हे काम समजावून सांगितलं की लोक म्हणायचे, "म्हंजे टेलिफोनवालं!" मी हो म्हणायचो. भावकीत जितकं कमी बोलावं तितकं बरं.

पोस्टवर आम्ही पाच जण. पाच वाजता उठणं, साडेपाचला सेट चेक, मग दर तासाला प्रत्येक चौकीची हजेरी रेडिओवर घ्यायची. आठवड्यातून दोनदा खालच्या रस्त्याने गाड्यांचा ताफा जायचा. ताफ्यातल्या एका जीपमध्ये आमचा ऑपरेटर असायचा आणि तो दर वळणाला बोलायचा. ताफा शेवटच्या वळणापलीकडे गेला, की आम्ही चहा घ्यायचो. त्याच्या आधी नाही.

भानगड त्या चालत्या जीपची होती. उभ्या गाडीतून बोललेलं स्वच्छ ऐकू येतं. गाडी चालू लागली की आवाज तुटतो. कारण तो आमच्या अँटेनापर्यंत एकाच वाटेने येत नाही. थोडा सरळ येतो, थोडा समोरच्या कड्यावर आपटून येतो. दोघांनी मिळून गोणी उचलली तर ती वर जाते. एकाने उचलली आणि दुसऱ्याने त्याच वेळी दाबली, तर ती जागची हलत नाही. तसंच इथे होतं. दोन वाटांनी आलेले आवाज एकमेकांना मारतात आणि तेवढा वेळ कानात नुसती खरखर. गाडी दोन हात पुढे गेली की पुन्हा शब्द. ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतात वाक्यांतली भोकं. मग नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने ऑपरेटर सेटला शिव्या घालतो. मीही घालायचो.

अशात लान्सनायक सोमा निरगुडा पोस्टवर रुजू झाला. बुटका, काळासावळा, पाठीवर स्वतःइतकं ओझं घेऊन आलेला आणि तरी धाप न लागलेला.

"गाव?" मी विचारलं.

"कशेळं, साहेब."

"कशेळ्यात कुठे?"

"कशेळ्यात नाय. कशेळ्याच्या वर, डोंगरात. ठाकरवाडी. नाव सांगून काय उपेग, तितं एष्टी पन जात नाय."

"मी चौकचा," मी म्हणालो.

त्याने सावधान सोडलं आणि पहिल्यांदा दात दाखवले. "मग तुमी शेजारीच की!" कर्जत-खालापूरची दोन माणसं हजार मैलांवर भेटली की लगेच शेजारी होतात. त्या दिवसापासून तो माझ्याशी गावचं बोलायचा आणि मी त्याला हवालदारासारखा दम द्यायचो. दोघांनाही ते जमलं.

दुसऱ्याच ताफ्याला त्याने मला सेटवर ओरडताना पाहिलं. "से अगेन! से अगेन!" सात वेळा. ताफा गेल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमी एकाच जागंवरनं ऐकताय."

"मग काय फिरत फिरत ऐकू?"

"आमच्या वाडीत दोघं ऐकत्यात."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या वाडीसमोर खोल दरी आणि दरीपलीकडे दुसरी वाडी. इकडून तिकडे जायला दोन तास, म्हणून निरोप हाक मारूनच द्यायचा. पण दरीत वारा घुमतो आणि हाकेचे तुकडे करतो. म्हणून पलीकडून हाक आली की इकडे दोन माणसं उभी राहतात. एक उंबराखाली, दुसरा तिथून तीस पावलांवरच्या कातळावर. दोघं ऐकतात आणि आपापल्या वाट्याला आलेलं मोठ्याने बोलून दाखवतात. दोघांचं जोडलं की निरोप पुरा.

"वारा हितं खातो ते तितं सोडतो," सोमा म्हणाला.

मी हसलो. रेडिओ म्हणजे वारा नव्हे, असं त्याला ऐकवलं. ताफा नसलेल्या दिवशी त्याने राखीव सेट काढला, त्याची अँटेना पहिलीपासून तीस पावलं मोजून रोवली आणि तिची वायर माझ्या टेबलापर्यंत ओढली. माझ्या डाव्या कानाला जुना सेट, उजव्या कानाला नवा. सेटला एक सोय असते, सिग्नल मेला की खरखर आपोआप बंद होते. म्हणजे एक कान मुका झाला तरी दुसरा गोंगाटाशिवाय बोलत राहणार.

पुढचा ताफा निघाला. आवाज डाव्या कानात मेला, उजव्यात चालू राहिला. उजव्यात मेला, डाव्यात उमटला. डोक्यात मात्र एकच माणूस न थांबता बोलत होता. शेवटच्या वळणापर्यंत मी एकदाही "से अगेन" म्हणालो नाही. हेडफोन उतरवून मी सोमाला मिठी मारली. हवालदाराने लान्सनायकाला मारू नये अशी ती मिठी होती.

पुढे एका टेक्निकल साहेबांनी सांगितलं, की ही रीत जुनी आहे, मोठ्या स्टेशनांवर असते आणि तिला डायव्हर्सिटी म्हणतात. मला वाटलं, सोमा हिरमुसेल. तो म्हणाला, "म्हंजे बरोबर हुतं तर." मग मी माझी अक्कल चालवून अंतर कमी करून पाहिलं. दहा पावलं, पाच पावलं. जवळ आणली की दोन्ही अँटेना एकदमच मुक्या व्हायच्या. दोन पहारेकरी एकाच झाडाआड उभे केले तर दोघांनाही झाडामागचं दिसत नाही, तसं. तीस पावलंच खरी ठरली, आणि तीही सोमाची, म्हणजे बुटक्या माणसाची.

आता माझी चूक सांगतो.

फौजेला सरळ रेषेचं वेड असतं. आम्ही त्याला ड्रेसिंग म्हणतो. बूट, बादल्या, दगड, माणसं, सगळं रेषेत. त्या महिन्यात इन्स्पेक्शन होतं. एक अँटेना बंकरपाशी आणि दुसरी लांब उतारावर तिरकी, हे माझ्या डोळ्याला खुपलं. सकाळी आठला मी लांबची अँटेना उपटून आणली आणि दोन्ही एकाच खांबाला शेजारी-शेजारी बांधली. छान दिसत होत्या. सोमा त्या दिवशी ताफ्याबरोबर जीपमध्ये होता, त्यामुळे बोलायला कोणी नव्हतं. साहेब अकराला आले, "गुड टर्नआउट" म्हणाले आणि गेले. ताफा अजून पहिल्या वळणालाही आला नव्हता. मी जवानाला म्हणालो, "चहा घेऊ आणि मग अँटेना परत लावू."

अकरा वीसला सोमाचा आवाज आला. अर्धा शब्द. मग दोन्ही कान एकदमच मुके. पुन्हा अर्धा शब्द, पुन्हा मुके. मी धावत जाऊन अँटेना सोडवली, तीस पावलं पळालो, लावली. तोवर तिकडून कोणी बोलत नव्हतं. वळणावर कडा कोसळून जीप खाली गेली होती. ती कुठल्या वळणावर, हे आम्हाला चाळीस मिनिटांनी मागच्या गाडीकडून कळलं. ड्रायव्हर वाचला. सोमा वाचला नाही. जीप अडकल्यावरही तो सेटवर जागा सांगत होता, असं ड्रायव्हरने सांगितलं.

चाळीस मिनिटं आधी पोहोचलो असतो तर तो जगला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. पण त्याला घेऊन कशेळ्याच्या वर गेलो, तेव्हा त्याच्या आईला मात्र सांगू शकलो नाही. बुधीबाय तिचं नाव. तिने मला विचारलं, "त्याला तरास झाला का रं?" मी म्हणालो, "नाही मावशी." मला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर दर सुट्टीत मी वाडीवर जायचो, तांदूळ, चहापत्ती, औषधं द्यायचो आणि न सांगताच उतरायचो. तिने दिलेला चहा मात्र मी कधी घेतला नाही. "चहा सोडलाय" म्हणायचो. तेवढं खरं होतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी नायब सुभेदार झालो. रिटायरमेंटला एक वर्ष उरलं असताना पावसाळ्यात आमचा कॉलम, म्हणजे फौजेची तुकडी, रायगडच्या या भागात पुरात मदतीला आला. कॉलमचे मेजर साहेब खालापूरला, आमचं रेडिओ स्टेशन दहिवलीतल्या एका शाळेच्या गच्चीवर. मोबाईल दोन दिवस बंद होते. कर्जत-कशेळे रस्ता पाण्याखाली गेला होता. कशेळ्याच्या बाजूला आमची एक जीप ठेवली होती. तिच्यात आमचा नर्सिंग असिस्टंट नायक शिंत्रे, एक ड्रायव्हर आणि छोटा सेट. आमचा सेट दांडगा, त्यामुळे आमचं बोलणं जीपला स्वच्छ पोहोचायचं. जीपचं बोलणं आमच्यापर्यंत येताना मात्र एका बाजूला माथेरानची भिंत आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची. म्हणजे पुन्हा तीच गोणी आणि तेच दोघे.

सकाळी दहाला मी खालापूरहून दहिवलीला पोहोचलो. गच्चीवर गेलो आणि जागीच थांबलो. दोन अँटेना कठड्याला बांधलेल्या, हातभर अंतरावर, एकदम रेषेत.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब," सिग्नलमन काळे म्हणाला. बीडचा गडी, कामाला वाघ. "मेजर साहेब येणार आहेत ना बघायला. ड्रेसिंग केलंय."

"काढ."

"काढतो, साहेब. चहा आलाय, तेवढा घेऊन–"

मी त्याच्यावर असा ओरडलो की खाली मुलांच्या वर्गात झोपलेली पूरग्रस्त माणसं बाहेर आली. बिचाऱ्याला काय माहीत! त्याने चहा कठड्यावर ठेवला आणि पाना घेतला.

गच्ची बावीस पावलांची भरली. आठ कमी. मग एक अँटेना गच्चीच्या टोकाला ठेवली आणि दुसरी मैदानातल्या व्हॉलीबॉलच्या खांबाला बांबू बांधून त्यावर चढवली. काळेने विचारलं, "साहेब, तीसच का?" मी त्याला नट घट्ट करता करता सोमाची गोष्ट सांगितली. चुकीसकट. पहिल्यांदाच कोणाला तरी एवढ्या सहज सांगितली. पाऊस पडत होता म्हणून बरं झालं. तिसरा सेट रिकामा होता. काळेने आपण होऊन त्याची अँटेना खिचडी शिजवायच्या शेडवर, आणखी तीस पावलांवर लावली. "असू दे, साहेब," म्हणाला.

अकरा पंधराला शिंत्रेचा आवाज आला.

"अल्फा, अल्फा टू. सर्पदंश. बाई, वय अंदाजे तीस. दहा चाळीसला लावणी करताना. नवऱ्याने फणा पाहिला, नाग. उजव्या पायावर. ओव्हर."

आमच्या डॉक्टर कॅप्टन कुलथे मॅडम खालच्या वर्गात रुग्ण तपासत होत्या. दोन मिनिटांत वर आल्या. लस कर्जतच्या इस्पितळात होती. ती पुढे पाठवायला आमच्याकडे दुसरी गाडी नव्हती, ती खालापूरला. कर्जतचा सरळ रस्ता बंद. म्हणजे जीपने कळंबवरून नेरळला उतरायचं आणि तिथून दहिवलीमार्गे कर्जत. नेरळच्या अलीकडे एक मोरी होती. तिच्यावर पाणी चढत होतं. गावकऱ्यांच्या अंदाजाने बाराच्या आत ओलांडली तर ओलांडली.

मॅडमनी मला नीट सांगितलं. नागाचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं. शिंत्रेकडे हाताने दाबायची श्वासाची पिशवी आहे. पण ती दाबत बसायचं तर गाडी जवळजवळ थांबवावी लागेल, आणि मग मोरी हातची जाईल. पिशवी उशिरा लावली तर बाई जाईल. "मला तिचा श्वास किती उरलाय ते इथे बसून कळायला हवं," त्या म्हणाल्या. "तिला एका दमात आकडे मोजायला सांगा. कितीवर दम तुटतो ते मला ऐकवा. पाचच्या खाली आला की पिशवी."

आता वाचकांनी हे ध्यानात घ्यावं. बाई सहा म्हणून थांबली तर दोन कारणं असू शकतात. तिचा दम तुटला, किंवा आमचा रेडिओ. एकाच अँटेनावर ऐकणाऱ्याला या दोन गप्प होण्यांत फरक करता येत नाही. आणि इथे फरक म्हणजे एक जीव.

मी दोन कानांना दोन सेट लावले. अकरा बावीसला शिंत्रेने माईक बाईच्या तोंडाशी धरला. बाईचं नाव मंगळी. मागून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता, "मोज गं, मोज. साहेब सांगत्यात ना."

"एक, दोन, तीन..." बारीक, चिडलेला आवाज. डाव्या कानात चार गेलं, उजव्यात आलं. उजव्यात अकरा गेलं, डाव्यात आलं. "अठरा, एकोणीस." थांबली.

"एकोणीस," मी म्हणालो.

"छान. चला पुढे," मॅडम म्हणाल्या.

अकरा पस्तीसला कळंब. चौदा. पापण्या खाली येऊ लागल्याचं शिंत्रेने सांगितलं. मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी जीपला म्हणालो, "अल्फा टू, स्पीड सोडू नका. आम्ही प्रत्येक शब्द ऐकतोय. ओव्हर."

अकरा चव्वेचाळीस. जीप नेरळकडच्या उतारावर, मोरीच्या अलीकडे दोन किलोमीटर. मंगळीचा आवाज आता नाकातून येत होता.

"एक. दोन. तीन. चार. पाच. सहा–"

डावा कान मुका. उजवा कान मुका.

सोमाचा तो दिवस पुन्हा समोर उभा राहिला. दोन्ही कान एकदम. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सहाला थांबली?" आता सहा असेल, तर पुढच्या मोजणीपर्यंत ती पाचच्या खाली जाणार. थांबवा म्हणायला त्यांचा हात माईकपर्यंत गेला होता.

"थांबा, मॅडम," मी म्हणालो. "काळे!"

काळे तिसरा सेट कानाला दाबून डोळे मिटून बसला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो मोठ्याने बोलू लागला, जसं वाडीत कातळावरचा माणूस बोलतो. "सात. आठ. नऊ. दहा." मग डोळे उघडले. "दहाला थांबली, साहेब. दम तुटल्याचा आवाज आला. मी ऐकला."

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

त्याच क्षणी माझा उजवा कान जिवंत झाला आणि शिंत्रे म्हणाला, "–दहा. रिपीट, दहा. ओव्हर."

"चालत राहा," मॅडम माईकवर म्हणाल्या. "थांबू नका. मोरी पार करा."

अकरा बावन्नला शिंत्रे बोलला. "मोरीवर आहोत. पाणी ॲक्सलला." मग एक मिनिट त्याने माईकचं बटण नुसतं दाबून धरलं. माझ्या कानांत दोन सेट, काळेच्या कानात तिसरा आणि तिन्हींत नुसतं इंजिन. मला त्या इंजिनाएवढं गोड काही आयुष्यात ऐकू आलेलं नाही. "पार. अल्फा टू, पार!"

बारा पाचला नेरळ मागे पडलं आणि मंगळी चारवर थांबली. तिन्ही कानांनी चारच ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "पिशवी. आता." तिथून पुढे जीप ताशी वीसने आली. शिंत्रे पिशवी दाबत होता आणि मंगळीचा नवरा, ज्याने आयुष्यात रेडिओ हातात धरला नव्हता, माईकवर प्रत्येक दाब मोजत होता. "दाबली. सोडली. दाबली. सोडली, साहेब." मॅडम इकडून वेग सांगत होत्या, थोडं हळू, आता बरोबर. छत्तीस मिनिटं. एकही दाब आमच्या कानातून सुटला नाही. बारा एक्केचाळीसला त्याचा आवाज आला, "साहेब, दवाखाना आला, त्यांनी घेतली तिला आत!" शेवटी तो "ओव्हर" म्हणाला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून शिकला होता.

काळेने हेडफोन फेकला आणि त्या पावसात गच्चीवर नाचला. मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. खालची सगळी माणसं मैदानात येऊन टाळ्या वाजवू लागली. त्यांनी नुसता गच्चीवरचा आरडाओरडा ऐकला होता, पण काही तरी जिंकलंय एवढं त्यांना कळलं होतं. मी सव्वीस वर्षांत बरीच मेडलं छातीवर लागताना पाहिली. त्या दुपारइतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

चार वाजता मेजर साहेब पाहणीला आले. एक अँटेना गच्चीवर, एक व्हॉलीबॉलच्या खांबावर, एक खिचडीच्या शेडवर. त्यांनी भुवई वर केली. मी सॅल्यूट ठोकून म्हणालो, "सर, ड्रेसिंग मुद्दाम बिघडवलंय." मॅडमनी त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "असंच राहू दे."

मंगळी दोन दिवस मशीनवर होती. तिसऱ्या दिवशी पाणी गिळलं. पाचव्या दिवशी लावणी अर्धी टाकून दवाखान्यात बसल्याबद्दल नवऱ्याला झापलं. मग डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. तिला आमच्याच जीपने पोहोचवलं. रस्ता संपला तिथून वर चालत. निम्म्या चढावर मला कळलं, की तिची वाडी म्हणजे दरीपलीकडची. सोमाच्या वाडीसमोरची.

मी तिथूनच दरीला वळसा घालून बुधीबायकडे गेलो. ती अंगणात बसली होती. मी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. समोरून हाक आली होती.

"मंगळी आली म्हनं," ती म्हणाली. "मी उंबराखाली हुते, शेजारची पोर कातळावर. मला 'मंगळी' ऐकू आलं, तिला 'जगली'."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सोमाची रीत, माझं इन्स्पेक्शन, एका खांबाला बांधलेल्या अँटेना, चहा, चाळीस मिनिटं. मग दहिवली, तीन कान, मंगळीचे आकडे. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"या टायमाला च्या घेतलास का आधी?" तिने विचारलं.

"नाही मावशी. आधी अँटेना लावल्या."

"मंग झालं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. आत चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने कोरा चहा माझ्यापुढे ठेवला. "घे आता. किती वर्सं सोडलायस रं?"

मी घेतला. रडलो, हेही लिहितो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आज मी चौकला घरी असतो. काळे आता नायक आहे, कुठल्याशा डोंगरावर. परवा त्याचा फोन आला. "साहेब, नवीन पोरांना अँटेना लावायला शिकवतोय. आमच्या डिटॅचमेंटमध्ये आता कोणी तीस पावलं म्हणत नाही. एक सोमा म्हणतात. 'दुसरी अँटेना एक सोमावर लाव.' ज्यांनी त्याला पाहिलं नाही तेही म्हणतात."

मी दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन बुधीबायला हे सांगितलं. वाटलं होतं, तिला समजवावं लागेल. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे किती लांब?"

मी उंबराकडे बोट दाखवलं, मग कातळाकडे. "तेवढं. त्याची तीस पावलं."

ती उठली. काठी घेतली नाही. उंबराच्या बुंध्याला हात लावला आणि कातळाकडे चालू लागली. मी शेजारून चालत मोजत होतो. तिची चौतीस भरली.